नेटबुक : लहान आकार आणि कमी किंमत यांची अल्पायुषी सोबत

संगणकाच्या बाजारात २००७ पर्यंत एक नियम जवळजवळ निरपवाद होता : यंत्र जितके लहान, तितके ते महाग. तोशिबाने १९९६ मध्ये जपानमध्ये आणलेला लिब्रेटो वजनाने एक किलोच्याही आत होता आणि त्यावर विंडोज ९५ चालत असे. पण पुढच्या वर्षी त्याचे जे रूप अमेरिकेत विक्रीस आले, त्याची किंमत २,००० डॉलरच्या घरात होती. सोनीच्या वायो मालिकेतले चिमुकले संगणकही याच वर्गातले. सुटे भाग दाटीवाटीने बसवणे, उष्णता बाहेर काढणे, मोजक्याच संख्येने बनणारे खास पडदे आणि बॅटऱ्या मिळवणे या सगळ्याचा खर्च ग्राहकावर पडत असे, आणि हा ग्राहक म्हणजे सतत विमानाने फिरणारा अधिकारी असे गृहीत धरलेले असल्यामुळे तो खर्च कमी करण्याची निकड कोणालाच वाटत नव्हती. ब्रिटनच्या सायऑन कंपनीने १९९९ मध्ये चक्क ‘नेटबुक’ या नावाचे छोटे यंत्र काढले होते, पण तेही व्यावसायिक ग्राहकांसाठीच. म्हणून नेटबुकचा, म्हणजे २००७ पासून आलेल्या लहान आणि स्वस्त लॅपटॉपच्या वर्गाचा, इतिहास पाहताना आकारापेक्षा किमतीचा माग काढणे अधिक उपयोगी ठरते. आणि किमतीचा हा धागा कार्यालयांकडे न जाता शाळांकडे जातो.

मुलांच्या हाती देता येईल अशा वहीएवढ्या संगणकाची कल्पना ॲलन के यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात असताना १९७२ मध्ये मांडली होती. ती प्रत्यक्षात आणण्याइतके स्वस्त भाग त्या काळी अस्तित्वातच नव्हते. पुढे भारतातही या दिशेने एक गंभीर प्रयत्न झाला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोअर सॉफ्टवेअर या कंपनीतील अभियंते यांनी मिळून ‘सिम्प्युटर’ हे हातात मावणारे, लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारे यंत्र तयार केले आणि २००१ मध्ये ते जाहीर केले. सुमारे ९,००० रुपयांत ते ग्रामीण भागात पोहोचावे, एकच यंत्र अनेकांनी आपापले स्मार्टकार्ड घालून वापरावे, अशी त्यामागची योजना होती. बाजारात ते २००४ मध्ये आले, तोवर मोबाइल फोन झपाट्याने स्वस्त होऊ लागला होता आणि सिम्प्युटरची विक्री अगदीच तोकडी राहिली.

जगाचे लक्ष वेधले ते निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी. एमआयटीच्या मीडिया लॅबचे हे सहसंस्थापक जानेवारी २००५ मध्ये दाव्होसच्या परिषदेत १०० डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना घेऊन गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत त्याचा नमुना दाखवण्यात आला. विजेसाठी त्याला हाताने फिरवायचा दांडा जोडलेला होता. तो तिथेच निखळला, आणि प्रत्यक्ष उत्पादनात आलेल्या यंत्रावर दांडा नव्हता. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेचे ‘एक्सओ’ हे यंत्र २००७ च्या नोव्हेंबरमध्ये तैवानच्या क्वांटा कंपनीकडून मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. त्यात ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड प्रोसेसर, २५६ मेगाबाइट मेमरी आणि हार्ड डिस्कऐवजी १ गिगाबाइट फ्लॅश, म्हणजे फिरत्या भागांविना माहिती साठवणारी चिप, होती. मेरी लू जेप्सन यांनी घडवलेला त्याचा पडदा उन्हातही कृष्णधवल रूपात वाचता येत असे, आणि त्या काळातील कितीतरी महाग लॅपटॉपांना हे जमत नव्हते. किंमत मात्र १०० डॉलरवर कधीच उतरली नाही. ती २०० च्या जवळपास राहिली.

भारत सरकारने हा प्रकल्प स्वीकारला नाही. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये शैक्षणिक उपयुक्ततेबद्दल शंका घेऊन नकार कळवला. जिथे वर्गखोल्या आणि शिक्षक यांचीच वानवा आहे तिथे हा पैसा यंत्रांवर का घालवावा, हा त्यामागचा युक्तिवाद काही अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. तरीही भारतातला या यंत्राचा पहिला प्रयोग महाराष्ट्रातच झाला : २००७ च्या अखेरीस कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरील एकशिक्षकी शाळेत मुलांना एक्सओ देण्यात आले. पूर्ण देशाच्या पातळीवर हा प्रकल्प सर्वांत नेटाने राबवला तो उरुग्वेने, ‘प्लान सेइबाल’ या योजनेतून.

नेटबुकच्या दृष्टीने एक्सओचे खरे महत्त्व मात्र त्याने इतरांना जे करायला लावले त्यात आहे. प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलचे अध्यक्ष क्रेग बॅरेट यांनी २००५ च्या डिसेंबरमध्ये या यंत्राची ‘१०० डॉलरचे गॅजेट’ अशी संभावना केली होती. पण कोट्यवधी मुलांच्या हाती प्रतिस्पर्धी एएमडीचा प्रोसेसर आणि लिनक्स जाणार, ही शक्यता इंटेलला दुर्लक्षिण्यासारखी वाटली नसावी. त्यांनी शाळांसाठीच्या संगणकाचा ‘क्लासमेट पीसी’ हा स्वतःचा आराखडा पुढे आणला. भारतात एचसीएलने जानेवारी २००८ मध्ये याच आराखड्यावरचा ‘मायलीप एक्स’ १३,९९० रुपयांना आणला. नेग्रोपॉन्टे यांनी इंटेलवर जाहीर टीका केली, जुलै २००७ मध्ये दोघांत समेट झाला आणि सहा महिन्यांत तोही मोडला. या भांडणात दोन गोष्टी सिद्ध होऊन गेल्या : दोन-अडीचशे डॉलरांत वापरण्याजोगा संगणक बनू शकतो, आणि तो हवा असणारे लोक फक्त शाळकरी मुले नाहीत.

ही दुसरी गोष्ट सर्वांत आधी तैवानच्या एसूसने ओळखली. जून २००७ मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात एसूसचे अध्यक्ष जॉनी शिह यांनी ‘ई पीसी’ दाखवला, तेव्हा १९९ डॉलर ही किंमत सांगितली गेली. ऑक्टोबरमध्ये ‘ई पीसी ७०१’ तैवानमध्ये विक्रीला आला; त्याची चार गिगाबाइटची आवृत्ती अमेरिकेत ३९९ डॉलरला होती. म्हणजे किंमत जाहीर केलेल्यापेक्षा दुप्पट झाली, तरी यंत्र हातोहात खपले. त्याची घडण पाहिली की किंमत कशी साधली ते कळते. ७ इंची, ८०० बाय ४८० बिंदूंचा पडदा हा प्रवासात वापरायच्या डीव्हीडी प्लेयरसाठी मुबलक बनत असलेल्या जातीचा होता. प्रोसेसर जुन्या पिढीतला सेलेरॉन एम, तोही ९०० ऐवजी ६३० मेगाहर्ट्झवर उतरवलेला, म्हणजे कमी तापणारा. हार्ड डिस्कच्या जागी थेट बोर्डावर बसवलेली फ्लॅश. तिचे भाव त्या सुमारास बरेच उतरले होते. सीडी ड्राइव्ह नाहीच. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून झँड्रॉस या कंपनीचे लिनक्स, मोठमोठ्या चित्रखुणांसह. वजन ९२० ग्रॅम. यातला एकही भाग नवा नव्हता. आकार लहान ठेवल्यामुळे खर्च वाढण्याऐवजी प्रथमच कमी झाला, कारण इथे लहान म्हणजे अधिक कौशल्याने कोंबलेले नसून मुळातच कमी सामान असलेले होते.

एसूसने हे यंत्र मुले, गृहिणी आणि वयस्कर मंडळी यांना डोळ्यांसमोर ठेवून जाहिरातीत आणले होते. घेतले मात्र ज्यांच्याकडे आधीच एक संगणक होता अशांनी, प्रवासात किंवा पलंगावर पडून वापरण्यासाठी. सोनीच्या एका अमेरिकी अधिकाऱ्याने २००८ च्या फेब्रुवारीत स्पष्टच सांगितले, की हे यंत्र चालले तर आपण सगळेच अडचणीत येऊ. ही भीती रास्त होती. ४०० डॉलरच्या संगणकावर नफा जेमतेम सुटतो, आणि तो घेणारा कदाचित १,००० डॉलरचा घेणार होता. नेटबुकला लागलेले हे ग्रहण पहिल्या दिवसापासूनचे आहे : ते बनवणाऱ्या आणि त्याला भाग पुरवणाऱ्या कंपन्यांना ते विकायचे होते, पण फार चांगले विकले जायला नको होते.

इंटेलने मार्च २००८ मध्ये ‘ॲटम’ या नव्या प्रोसेसरची घोषणा केली आणि या वर्गाला ‘नेटबुक’ हे नाव चिकटवले. त्यावरून सायऑनने वर्षाअखेरीस कायदेशीर नोटिसा धाडल्या. वाद पुढच्या जूनमध्ये तडजोडीने मिटला. नेटबुकांत सर्रास दिसणारा ॲटम एन२७० हा १.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर जेमतेम अडीच वॅट वीज घेत असे. हे साधण्यासाठी त्याची रचना मुद्दाम साधी, सूचना आल्या त्याच क्रमाने हाताळणारी ठेवली होती. विरोधाभास असा, की त्याच्यासोबत दिला जाणारा ९४५ मालिकेतील चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपांचा संच) जुना होता आणि प्रोसेसरच्या कित्येक पट वीज खात होता. त्यातल्या चित्रप्रक्रियेची ताकदही इतकी बेताची होती, की उच्च प्रतीचे व्हिडिओ अडखळत. चित्रप्रक्रियेच्या चिप बनवणाऱ्या एन्व्हिडियाने ॲटमसाठी ‘आयन’ हा अधिक समर्थ चिपसेट आणला, तेव्हा सुटा ॲटम ४५ डॉलरला आणि इंटेलच्या चिपसेटसह घेतल्यास २५ डॉलरला दिला जातो, अशी तक्रार त्या कंपनीने मे २००९ मध्ये केली. २०१० च्या आरंभी आलेल्या ॲटम एन४५० मध्ये इंटेलने चित्रप्रक्रिया प्रोसेसरातच सामावली आणि आयनची वाट मोठ्या प्रमाणात बंद झाली.

२००८ च्या मध्यापासून एसर ॲस्पायर वन, एमएसआय विंड, डेल इन्स्पिरॉन मिनी ९, लेनोवो आयडियापॅड एस१०, सॅमसंग एनसी१० अशी रांगच लागली. पडदा ७ इंचांवरून ९ आणि मग १० इंचांवर गेला, कळफलक बोटांना पुरू लागला आणि फ्लॅशची जागा पुन्हा स्वस्त हार्ड डिस्कने घेतली. पडद्याची उंची ६०० बिंदूंपाशीच थांबली; त्यामुळे काही चौकटींतले ‘ओके’ हे बटण पडद्याच्या खाली दडून बसे आणि ते दाबायला बरीच कसरत करावी लागे. सप्टेंबरमधल्या आर्थिक अरिष्टाने स्वस्त यंत्रांची ओढ आणखी वाढवली. २००९ मध्ये जगभर ३ कोटींहून अधिक नेटबुक विकले गेले.

ही लाट मायक्रोसॉफ्टला अगदी अवघड वेळी गाठणारी होती. तेव्हाची नवी विंडोज व्हिस्टा या यंत्रांवर नीट चालणे अवघड होते आणि तिच्या आधीच्या विंडोज एक्सपीची विक्री ३० जून २००८ ला थांबवायचे आधीच ठरलेले होते. मैदान लिनक्सकडे जाईल हे दिसताच एप्रिलमध्ये एक्सपी होमला फक्त या वर्गासाठी मुदतवाढ दिली गेली, पण अटींसह : पडदा ठरावीक इंचांच्या आत, मेमरी १ गिगाबाइटपर्यंत, हार्ड डिस्क आधी ८० आणि नंतर १६० गिगाबाइटपर्यंत. जवळपास सगळे नेटबुक एकमेकांसारखे का दिसत, याचे उत्तर बरेचसे या परवान्यात आहे. पुढे विंडोज ७ ची ‘स्टार्टर’ आवृत्ती आली. तिच्यात एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालू देण्याची मूळ अट टीकेनंतर मागे घेतली गेली, मात्र पडद्याच्या पार्श्वभूमीचे चित्र बदलण्याची सोयही तिच्यात ठेवलेली नव्हती. चित्र बदलू न देण्यामागे तांत्रिक कारण असूच शकत नाही. ग्राहकाला आपण हलकी वस्तू घेतली आहे याची रोज आठवण राहावी, एवढेच त्याचे प्रयोजन दिसते.

एक्सपीपुढे लिनक्सचा पाडाव झाला हे खरे, पण त्यात त्याच्या बाजूचे दोषही होते. प्रत्येक कंपनीचे लिनक्स निराळे होते, घरी गेल्यावर ग्राहकाला ओळखीचे प्रोग्रॅम सापडत नसत, आणि लिनक्सचे नेटबुक परत येण्याचे प्रमाण एक्सपीच्या चौपट असल्याचे एमएसआयने २००८ मध्ये सांगितले होते. मराठीत लिहिणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा सौदा तोट्याचा होता. त्या काळच्या प्रचलित लिनक्सवर युनिकोड देवनागरी सहज वापरता येत असे, तर एक्सपीत जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी आणि मराठी कळफलकासाठी जास्तीच्या फायली बसवाव्या लागत. त्यासाठी एक्सपी बऱ्याचदा मूळ सीडी मागे, आणि नेटबुकला सीडी ड्राइव्ह नव्हता. जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या उत्पन्नातील घटीचे एक कारण म्हणून नेटबुककडे बोट दाखवले आणि त्याच दिवशी ५,००० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली.

नेटबुकचा शेवट सहसा आयपॅडच्या नावावर लिहिला जातो. स्टीव्ह जॉब्ज यांनी २७ जानेवारी २०१० रोजी आयपॅड दाखवताना नेटबुक कोणत्याच कामात सरस नाही असे म्हटले होते, आणि पलंगावर पडून वाचण्या-पाहण्यासाठी आयपॅड उजवा होता यात शंका नाही. पण लिहिण्याच्या कामाला तो नेटबुकची जागा घेऊ शकत नव्हता, आणि ४९९ डॉलरला तो स्वस्तही नव्हता. नेटबुकची खरी कोंडी झाली ती दोन बाजूंनी मिळून : टॅब्लेटने हौशी ग्राहक नेला, आणि साध्या १५ इंची लॅपटॉपची किंमत घसरत घसरत नेटबुकच्या शेजारी येऊन बसली. इंटेलनेही २०११ पासून आपले बळ ‘अल्ट्राबुक’ या पातळ आणि महाग वर्गामागे लावले. डेलने २०११ च्या अखेरीस माघार घेतली, आणि २०१३ उजाडेपर्यंत एसूस आणि एसर यांनीही ही मालिका गुंडाळली.

भारतात सरकारी स्वस्त संगणकाचा शोध याच काळात चालू होता. फेब्रुवारी २००९ मध्ये तिरुपतीला ‘१० डॉलरचा लॅपटॉप’ म्हणून गाजावाजा झालेली वस्तू प्रत्यक्षात माहिती साठवण्याचे उपकरण निघाली. ऑक्टोबर २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅब्लेटचे अनावरण केले. डेटाविंडने बनवलेला हा ७ इंची टॅब्लेट ३६६ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर चालत असे आणि त्याचा पडदा दाबूनच वापरावा लागे. कळफलकाचे यंत्र सोडून धोरण टॅब्लेटकडे वळले, तो हा टप्पा.

अन्यत्र शाळांची मागणी दुसऱ्याच मार्गाने पुरी झाली. गूगलने जुलै २००९ मध्ये, नेटबुकचा जोर असतानाच, क्रोम ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमची घोषणा केली होती आणि ती नेटबुकसाठीच असल्याचे म्हटले होते. २०११ च्या मध्यात तिच्यावर चालणारे लॅपटॉप, म्हणजे सॅमसंग आणि एसर यांची पहिली क्रोमबुक, विक्रीला आले. अमेरिकेतल्या शाळांनी पुढे ती लाखोंनी घेतली. त्यांतली बरीच ११.६ इंची, साध्या सेलेरॉनवर चालणारी आणि थोडक्या साठवणीची होती. मोठ्या कंपन्यांना या वेळी त्यांची भीती वाटली नाही, कारण खरेदीदार शाळा होत्या आणि त्यांनी एरवी महाग लॅपटॉप घेतला असता असे मानायला जागा नव्हती.