लोन सेटल केलं म्हणजे लोन क्लोज केलं असं नसतं, बाबांनो

लोन क्लोज करणं म्हणजे काय हे सगळ्यांना माहितीये, त्यात फार वेळ घालवत नाही. मुद्दल, व्याज, उशिराचे चार्जेस, जे काय निघत असेल ते सगळं भरलं, बँकेने नो ड्यूज (काही देणं बाकी नाही असं पत्र) दिलं, विषय संपला. शेवटचा हप्ता जाऊन संपलं काय किंवा बोनस आला म्हणून मधेच एकरकमी भरून फोरक्लोज केलं काय, क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि हप्त्यांच्या नोंदीत, ज्याला सगळे सिबिल म्हणतात, दोन्ही क्लोज्डच दिसतं. फिक्स्ड रेटच्या पर्सनल लोनला फोरक्लोजर चार्ज लागू शकतो तेवढा ॲग्रीमेंटमध्ये बघून घ्या. बास.

सेटलमेंट हे वेगळं प्रकरण आहे. मी ठाण्यात होम लोनच्या फाइल्स करतो. पंचवीस ते बत्तीसची पोरंपोरी येतात, कोणी ऐरोली-महापेला आयटीत, कोणी वागळे इस्टेटला, पगार चांगला, स्लिपा चोख, घोडबंदरला किंवा उलव्याला फ्लॅट बघून टोकनसुद्धा देऊन आलेले असतात आणि मग रिपोर्ट काढला की मधेच एका जुन्या क्रेडिट कार्डासमोर 'सेटल्ड'. विचारलं की उत्तर ठरलेलं, "दादा ते तर कधीच मिटवलंय, बँकेचं लेटरपण आहे माझ्याकडे." लेटर असतंच. सेटलमेंटचं असतं.

आता हा गोंधळ का होतो ते मला कळतं, पोरं मूर्ख नाहीयेत. दोन्हीमध्ये शेवटी बाकी शून्य होते, दोन्हीमध्ये रिकव्हरीवाल्यांचे फोन थांबतात, दोन्हीमध्ये बँकेचं एक पत्र येतं ज्यात 'यापुढे आमचं काही येणं नाही' असा मजकूर असतो. सहा महिने फोनने जीव नकोसा केलेल्या माणसाला अजून काय पाहिजे, तो पेढे वाटतो. पण क्लोज म्हणजे तुम्ही बँकेचं सगळं दिलं. सेटल म्हणजे बँकेने कमी घेतलं आणि उरलेलं सोडून दिलं. पैसे मागायचा हक्क बँकेने सोडला, पण 'पूर्ण मिळाले' असं ती रिपोर्टमध्ये लिहिणार नाही, कारण मिळालेलेच नाहीत. भाड्याची रूम सोडताना घरमालकाशी घासाघीस करून शेवटच्या तीन महिन्यांचं भाडं निम्मंच दिलं तर भांडण मिटतं, तो तुमच्या मागे लागत नाही, पण पुढच्या घरमालकाने त्याला फोन करून विचारलं तर तो काय सांगेल? इथे तो फोन कॉम्प्युटरवर होतो, आणि तुम्ही अर्ज कराल तिथे तिथे होतो.

बँक ही ऑफर साधारण कधी देते तेपण बघा. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत, होतं, आणि ऑफर बहुतेक त्याच्या आसपास किंवा नंतर सुरू होतात. म्हणजे तुम्ही आधीच अडचणीत असता, घरी सांगितलेलं नसतं, आणि समोरून गोड आवाजात सांगतात की सर तुमचे २,८०,००० होतायत, आज १,३०,००० भरा, मॅटर क्लोज. हो, ते तोंडी 'क्लोज'च म्हणतात! माझी सगळ्यात जास्त चिडचिड ह्याच्यावर होते. फोनवर क्लोज, पत्रात सेटलमेंट, आणि पत्र इंग्रजीत, ते कोण वाचतंय.

बरं, पैशाचा हिशोब तरी नीट करा. समजा कार्डावर खरा खर्च १,६०,००० चा, आणि महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपासचं व्याज, वर लेट फी, वर व्याजावरसुद्धा १८ टक्के जीएसटी, असं करत आकडा २,८०,००० वर गेला. १,३०,००० मध्ये सेटल केलं तर दीड लाख वाचले असं वाटतं. आता तीन वर्षांनी ४० लाखांचं होम लोन घ्यायचंय, २० वर्षांसाठी. स्वच्छ रिपोर्टवाल्याला समजा साडेआठ टक्क्याने मिळालं, हप्ता साधारण ३४,७०० बसतो. तुमची फाइल मोठ्या बँकेने नाकारली, मग एखाद्या फायनान्स कंपनीने साडेदहाने दिलं, हप्ता ३९,९००. महिन्याला पाच हजारांच्या वर फरक, वीस वर्षांत साडेबारा लाख. मधे लोन कमी व्याजाच्या बँकेत ट्रान्सफर करून घेतलं तर कमी जाईल हे मान्य, पण दीड लाख वाचवले हा आनंद किती महागात पडू शकतो त्याचा अंदाज येईल. आणि हे लोन मिळालं तर. सिडकोच्या लॉटरीत नंबर लागतो, नातेवाइकांचे अभिनंदनाचे मेसेज येतात, आणि हप्ते भरायच्या तारखा जवळ आल्या तरी बँक मिळत नाही, असे लोक माझ्यासमोर बसलेत.

नियमांचंही सांगतो. आरबीआयने जून २०२३ मध्ये सेटलमेंटसाठी जी चौकट आणली त्यात आहे की सेटल केलेल्या माणसाला त्याच बँकेने पुन्हा कर्ज देण्याआधी किमान १२ महिने थांबायचं, शेतीकर्ज सोडून. बरेच जण हे अर्धवट ऐकून 'वर्षभराने सगळं नॉर्मल होतं' असं सांगत फिरतात. ते १२ महिने त्या बँकेपुरते आणि तेही किमान. बाकीच्या बँका रिपोर्ट बघून आपापलं ठरवणार.

दुसरी अफवा सात वर्षांची. 'सात वर्षांनी सिबिलमधून आपोआप पुसलं जातं.' अरे, नियम असा आहे की क्रेडिट ब्युरोने, म्हणजे हे रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीने, माहिती किमान सात वर्षं ठेवायची. किमान! कोणीतरी तो उलटा वाचला आणि आता जो तो तेच सांगतोय. आणि सिबिल म्हणजे चारातला एक ब्युरो, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क पण आहेत, बँक कुठूनही रिपोर्ट काढू शकते.

बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. आयबीपीएसच्या जाहिराती खालपर्यंत वाचा, क्रेडिट हिस्टरी चांगली असावी अशी अट त्यात असते.

आता रिपोर्टमध्ये दिसणारा दुसरा शेरा, 'रिटन ऑफ'. थोडक्यात, ही बँकेच्या वह्यांमधली गोष्ट आहे, बँकेने तुमचं लोन वसूल होणार नाही असं धरून हिशोबातून बाजूला काढलं, माफ केलेलं नाही, वसुली चालूच राहू शकते. माफी समजून गप्प बसू नका.

लोकअदालतीचं पत्र आलेले लोकही असेच निर्धास्त असतात. ठाण्याच्या कोर्टात राष्ट्रीय लोकअदालत असते, त्याआधी बँकांच्या नोटिसा घरी येतात, आई घाबरते, सगळं घर घाबरतं. घाबरायचं काही नाही, तिथे तडजोडच होते. पण तिथे कमी पैशात मिटवलं तरी ते सेटलमेंटच. कोर्टाच्या आवारात झालं, शिक्का बसला म्हणून रिपोर्टमध्ये क्लोज्ड येत नाही. उलट लोकअदालतीच्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकी किंमत असते आणि त्यावर अपील नसतं, त्यामुळे सही करताना शुद्धीवर राहा.

मग सेटलमेंट कधीच करायची नाही का? असं मी म्हणत नाही. नोकरी गेलीय, घरात मोठं आजारपण आहे, चार ठिकाणची देणी आहेत आणि पुढची दोन-तीन वर्षं भरायची काही शक्यताच दिसत नाही, तर करा, निर्लज्जपणे करा, रिपोर्टपेक्षा माणूस महत्त्वाचा. माझा राग आहे तो पगार चालू असताना केवळ 'डिस्काउंट' मिळतोय म्हणून सेटल करणाऱ्यांवर. ६० हजार हातात येतायत, घरी राहता, भाडं नाही, आणि पावणेतीन लाखांसाठी रिपोर्टवर डाग घेता?

त्याआधी बँकेला लेखी विचारा की उरलेली रक्कम हप्त्यांत करून देता का, कार्डाची बाकी कमी व्याजाच्या ईएमआयमध्ये बदलता का. लेट फी आणि पेनल्टी सोडायला ती तयार असेल तर 'मुद्दल आणि व्याज पूर्ण भरतो, पण खातं क्लोज्ड म्हणून कळवाल का' हा प्रश्न सरळ टाका आणि उत्तर मेलवर घ्या. घरात पडून असलेलं सोनं गहाण टाकून कार्डाचं चाळीस टक्क्यांचं व्याज थांबवणं मला कधीही बरं वाटतं, गोल्ड लोनचं व्याज कार्डाच्या जवळपासही जात नाही. लोक म्हणतात आईच्या सोन्याला हात कसा लावायचा, अरे विकू नका, गहाण टाका आणि सोडवा. फक्त ॲपवरून दुसरं लोन काढून पहिलं भरू नका, त्यातून बाहेर पडलेला माझ्या बघण्यात कोणी नाही.

आणि ते 'सिबिल क्लीन करून देतो' वाले. स्टेशनबाहेरच्या खांबांवर चिकटवलेले कागद, इन्स्टावरची रील्स, दहा-पंधरा हजार घेतात आणि तुमच्या नावाने ब्युरोकडे एक डिस्प्युट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाकतात जो तुम्ही फुकटात टाकू शकता. खरी नोंद असेल तर बँक 'बरोबर आहे' म्हणते, डिस्प्युट बंद, पैसे गेले.

सेटल करायचंच ठरलं तर पैसे भरायच्या आधी पत्र हातात घ्या. बँकेचं लेटरहेड, तुमचा खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, शेवटची तारीख, उरलेलं सोडलं असा स्पष्ट मजकूर. पैसे लोन खात्यातच, एजंटच्या यूपीआयवर एक रुपयापण नाही, तो कितीही 'साहेब आज टार्गेट आहे' म्हणाला तरी. तीन हप्त्यांत सेटलमेंट ठरली असेल आणि तिसरा चुकला तर ऑफर रद्द होऊ शकते आणि भरलेले पैसे जुन्या बाकीत जिरतात, म्हणून शक्यतो एकरकमी. एजंटला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची परवानगी नाही हेपण लक्षात असू द्या.

आधीच सेटल करून बसलायत? तर बँकेत जाऊन विचारा की सोडलेली रक्कम आता भरली तर स्टेटस बदलून क्लोज्ड कळवाल का. बऱ्याच ठिकाणी होतं, पण इथेही आधी लेखी, मग पैसे. माझ्याकडे होम लोनसाठी येणाऱ्यांना मी हेच करायला लावतो, फ्लॅट बघायच्या आधी, टोकन देऊन झाल्यावर नाही. उशिरा भरलेल्या महिन्यांच्या खुणा मात्र अशाने जात नाहीत, सिबिलच्या रिपोर्टमध्ये ३६ महिन्यांपर्यंतची हप्त्यांची हजेरी दिसते, ती नवीन चांगल्या महिन्यांनीच मागे ढकलली जाते.

नो ड्यूज मिळालं की महिन्याभराने रिपोर्ट काढा, प्रत्येक ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, चारही बघा. जानेवारी २०२५ पासून बँकांनी ब्युरोला निदान पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे त्यामुळे 'सिस्टीमला वेळ लागतो' हे फार ऐकून घेऊ नका. पूर्ण भरूनही सेटल्ड दिसत असेल तर बँकेकडे आणि ब्युरोकडे तक्रार टाका, ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, आणि तरीही हलले नाहीत तर आरबीआयचा लोकपाल आहे, माहितीसाठी नंबर १४४४८.