बाळाचं तोंड पाहिलं की आई सगळं विसरते?

बाळाचं तोंड पाहिलं की बाई कळा विसरते आणि बाळ-बाळंतीण सुखरूप असली की ती समाधानी असतेच, असा मेसेज दर काही महिन्यांनी फिरत येतो. आपल्या आज्यांनीही हेच सांगितलं, मायेनंच सांगितलं. पण सुखरूप असणं आणि समाधानी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कळांची तीव्रता काहीजणींच्या आठवणीत ओसरते, हे खरं. पण आपल्याशी कोण कसं बोललं, हे प्रसूतीनंतर 15-20 वर्षांनीही बायकांना लख्ख आठवतं, असं अभ्यासात दिसलं आहे. 2002 साली बाळंतपणाच्या अनुभवाबद्दल बायका किती समाधानी असतात, यावरच्या 137 अहवालांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात वेदनेपेक्षा जास्त वजन चार गोष्टींना निघालं: तिच्या अपेक्षा, मिळालेला आधार, डॉक्टर-नर्सशी नातं आणि निर्णयात तिचा सहभाग.

मग डिस्चार्जच्या फॉर्मवर बहुतेकजणी ‘समाधानी’ का लिहितात? बाळ हातात असतं, सुटका झालेली असते, समोर तीच सिस्टर उभी असते. अशा वेळी कोण तक्रार करेल?

पडताळायचं तर दादर असो वा गोवंडी, सहा आठवड्यांच्या लसीला आलेल्या आईला सासूबाई जवळ नसताना निवांत विचारा. ‘कसं झालं?’ एवढंच नको. कळा सुरू असताना सोबत कोण होतं? टाके घालण्याआधी सांगितलं का? कोणी ओरडलं का? ‘कसं झालं?’ला ‘छान’ म्हणणारी पुढच्या एखाद्या प्रश्नाला गप्प झाली, तर घाई करू नका. थांबा, तिला बोलू द्या.