सुगिहारा कुटुंब : कौनासच्या आधी आणि नंतर

चिउने सुगिहारा या जपानी राजनैतिक अधिकाऱ्याचं नाव निघालं की १९४०मध्ये लिथुआनियातल्या कौनास शहरात त्यांनी ज्यू निर्वासितांना दिलेले व्हिसा आठवतात, आणि ते रास्तच आहे. पण लिथुआनियात जपानी माणसं जवळपास नव्हतीच, मग १९३९च्या अखेरीस जपानने तिथे कॉन्सुलेट कशासाठी उघडलं? सुगिहारांना तिथे माहिती काढायला पाठवलं होतं. व्हिसांची गोष्ट समजून घ्यायची तर या कामापासूनच सुरुवात करायला हवी, असं मला वाटतं.

जन्म १ जानेवारी १९००, गिफू प्रांतातला. मुलाने डॉक्टर व्हावं ही वडिलांची इच्छा; मुलाने प्रवेशपरीक्षेत फक्त नाव लिहून कोरा पेपर दिला. पुढे परराष्ट्र खात्याची शिष्यवृत्ती मिळाली आणि रशियन शिकायला ते ईशान्य चीनमधल्या, म्हणजे मांचुरियातल्या, हार्बिनला गेले. तिथेच रमले. १९२४मध्ये क्लाउदिया या रशियन तरुणीशी लग्न केलं, ऑर्थोडॉक्स पंथाची दीक्षा घेतली. मांचुरियातली रेल्वे सोव्हिएतांकडून विकत घेण्याच्या वाटाघाटीत त्यांनी रशियनांची किंमत पार खाली आणली. चिनी लोकांना जपानी अधिकारी देत असलेली वागणूक सहन होईना, म्हणून १९३५मध्ये त्यांनी जपानच्या ताब्यातल्या मांचुरियातलं पद सोडलं. त्याच वर्षी घटस्फोटही झाला. नंतर युकिको किकुची यांच्याशी विवाह झाला. १९३७मध्ये मॉस्कोत नेमणूक होणार होती, पण सोव्हिएतांनी त्यांना येऊच दिलं नाही. हार्बिनचा हिशेब ते विसरले नव्हते.

ऑगस्ट १९३९मध्ये जर्मनीने जपानला अंधारात ठेवून सोव्हिएतांशी अनाक्रमण करार केला. टोकियोतलं मंत्रिमंडळ त्या धक्क्याने कोसळलं. आता जर्मनीच्या शब्दावर विसंबून चालणार नव्हतं. हिटलर रशियावर कधी उलटणार, हे आधी कळलं तर मांचुरियाच्या सीमेवरचं सैन्य दक्षिणेकडे हलवता येणार होतं. सुगिहारांवर सोपवलेली कामगिरी हीच.

त्यांना मदत झाली पोलंडच्या गुप्तहेरांची. देश गमावलेले हे अधिकारी लिथुआनियात लपून काम करत होते. ते सैन्याच्या हालचालींची खबर देत, बदल्यात त्यांची टपालं जपानच्या राजनैतिक पिशवीतून जात आणि काहींना जपानी पासपोर्ट मिळत. कॅप्टन आल्फोन्स याकुब्यानेत्स त्यांतलेच; पुढे बर्लिनमध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना पकडलं. आपली माणसं बाहेर काढण्यासाठी पोलिश अधिकाऱ्यांना जपानमार्गे जाण्याची परवानगी हवी होती. म्हणजे ट्रान्झिट व्हिसाचा विषय निर्वासितांची गर्दी दारात येण्याआधीच तिथे निघाला होता.

जून १९४०मध्ये सोव्हिएत फौजा लिथुआनियात शिरल्या आणि परदेशी कचेऱ्यांना गाशा गुंडाळायला सांगण्यात आलं. त्या घरात खाली कचेरी आणि वर बिऱ्हाड: युकिको, त्यांची बहीण सेत्सुको आणि मुलं हिरोकी, चिआकी व नुकताच जन्मलेला हारुकी. खिडकीतून फाटकाबाहेर उभी असलेली ज्यू कुटुंबं दिसत. डच मानद कॉन्सुल यान झ्वार्टेंडाइक त्यांच्या कागदावर कुरासावला, म्हणजे कॅरिबियनमधल्या डच बेटाला, जायला व्हिसा लागत नाही असं लिहून देत. पण वाटेत जपान पडत होतं. सुगिहारांनी टोकियोला पुन्हा पुन्हा विचारलं, दर वेळी नकार आला. नवराबायकोने एकमेकांशी बोलून निर्णय घेतला. मग ते दिवसभर हाताने व्हिसा लिहीत बसत आणि रात्री युकिको त्यांचा आखडलेला हात चोळून देत. त्यांच्या यादीत २,१००हून अधिक नोंदी आहेत. एका व्हिसावर बऱ्याचदा अख्खं कुटुंब जाई.

बदली प्रागला, मग क्योनिग्सबर्ग या तेव्हाच्या जर्मन शहरात झाली. तिथून मे १९४१मध्ये त्यांनी सीमेकडे सरकणाऱ्या जर्मन फौजांची खबर टोकियोला कळवली. पुढच्याच महिन्यात जर्मनीने सोव्हिएतांवर हल्ला केला.

युद्ध संपताना हे कुटुंब बुखारेस्टमध्ये होतं आणि सोव्हिएतांच्या नजरकैदेत पडलं. १९४७मध्ये ते जपानला परतले. त्याच वर्षी परराष्ट्र खात्याने नोकरी काढून घेतली आणि लहानगा हारुकी ल्युकेमियाने गेला. घर चालवायला सुगिहारांनी दारोदार बल्ब विकले. पुढे त्यांच्या रशियनला मॉस्कोत एका व्यापारी कंपनीत काम मिळालं, तेही बायकामुलांपासून दूर, वर्षानुवर्षं. व्हिसांमुळे वाचलेले लोक त्यांना ‘सेम्पो’ (‘चिउने’च्याच अक्षरांचा दुसरा उच्चार) या नावाने शोधत राहिले आणि खातं असा कुणी नाही म्हणून सांगत राहिलं. अखेर १९६८मध्ये इस्रायली दूतावासातल्या येहोशुआ निश्री यांनी त्यांना गाठलं. निश्री स्वतः त्याच व्हिसावर वाचले होते.

१९८६मध्ये सुगिहारा वारले. परराष्ट्रमंत्री योहेई कोनो यांनी कुटुंबाची जाहीर माफी मागितली ती ऑक्टोबर २०००मध्ये. ती ऐकायला युकिको हयात होत्या.