इराण्याच्या हॉटेलचा मालक

इराण्याच्या हॉटेलचा मालक म्हणजे मुंबई-पुण्यात कोपऱ्यावरचं चहा-पावाचं हॉटेल चालवणारा आणि दिवसभर गल्ल्यावर बसलेला इराणी माणूस. कोणी त्याला शेठ म्हणतं, कोणी बावाजी, पण 'चल, इराण्याकडे बसू' म्हटलं की त्यात हॉटेल पण आलं आणि माणूस पण आला. उडप्याच्या हॉटेलात रोज जेवणाऱ्याला सुद्धा मालक कोण ते कित्येकदा माहीत नसतं, इराण्याकडे मात्र शिरताना तोच समोर आणि निघताना पैसे पण त्याच्याच हातात, म्हणून तो वारला की लोकांना हॉटेलच गेल्यासारखं वाटतं, भले हॉटेल दुसऱ्या आठवड्यात उघडलेलं असो.

लोक त्याला सरसकट पारशी समजतात, ते अर्धंच बरोबर आहे. पारशी हजारेक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्याला लागले, इराणी आले ते १९ व्या शतकाच्या शेवटी आणि २० व्याच्या सुरुवातीला, मुख्यतः इराणच्या यझ्द आणि केरमान भागातून. तिकडे झरथुष्ट्री, म्हणजे पारशांच्याच धर्माच्या लोकांना त्रास होता, १८८२ पर्यंत जिझिया भरावा लागायचा, त्यात दुष्काळ, मग मुंबईत आधीपासून पैसेवाले धर्मबांधव आहेत म्हटल्यावर माणसं निघाली. पण सगळे इराणी झरथुष्ट्री पण नाहीत, शिया मुसलमान इराण्यांनी पण बरीच हॉटेलं काढली. भिंतीवर झरथुष्ट्राचा फोटो आणि त्याच्यापुढे दिवा दिसला की कळायचं कुठल्या घरचं आहे ते.

कोपराच का, याची एक गोष्ट सगळे सांगतात, की हिंदू दुकानदार कोपऱ्यावरची जागा अपशकुनी मानायचे म्हणून ती इराण्याला स्वस्तात मिळाली. असेलही. पण दोन रस्त्यांकडून उघडी जागा, दोन्हीकडून गिऱ्हाईक आणि भरपूर उजेड, यात अपशकुन कसला तेच मला समजत नाही, धंदा कळणाऱ्या माणसाने ती सोडलीच नसती. धोबीतलावची कयानी १९०४ ची, ग्रँट रोड स्टेशनसमोरची मेरवान १९१४ ची, पुण्यात डेक्कनचं गुडलक १९३५ चं. मांडणी थोड्याफार फरकाने सगळीकडे तीच, संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, काचेच्या बरण्यांत खारी आणि नानखटाई, आणि भिंतीला मोठाले आरसे. आरशांनी जागा मोठी वाटते हे खरं, पण खरा उपयोग मालकाला, गल्ल्यावरून मान न वळवता आतलं प्रत्येक टेबल दिसतं. कोण नुसताच पेपर वाचत बसलाय, कुणाचं बिल व्हायचंय, कुठला पोऱ्या टाळाटाळ करतोय, सगळं आरशात.

गल्ला ही नुसती पैशाची पेटी नाही हे तिथे तासभर बसलं की कळतं. त्याच उंच टेबलावर साबण, ब्लेड, मेणबत्त्या, पोस्टाची तिकिटं असलं काहीबाही विकायला असायचं, आणि आख्ख्या गल्लीचा टेलिफोन पण तिथेच. वेटर आतून आकडा ओरडून सांगणार, मालक तो ऐकून गिऱ्हाइकाचं तोंड बघून पैसे घेणार, कागद नाही काही नाही. चाळीत दोन खोल्यांत दहा माणसं राहायची त्या काळात एका चहावर दोन तास बसू देणारी जागा म्हणजे काय चीज होती ते आजच्या कॉफीशॉपवाल्यांना सांगून पटायचं नाही. तो बसू द्यायचा, पण भिंतीवर पाट्या पण लावायचा, मोठ्याने बोलू नका, केस विंचरू नका, खुर्चीवर पाय घेऊ नका. माणूस तापट पण मनाने मऊ अशी जी इराण्याची ख्याती आहे ती निम्मी या पाट्यांनीच केलेली आहे.

आता घरचा माणूस म्हणून तो कसा होता, हे गिऱ्हाईक सांगू शकत नाही. बेकरी असेल तर पहाटे चारला भट्टी, रात्री शटर पाडून हिशेब, सुट्टी जवळपास नाहीच, म्हणजे पोरांनी बाप बघितला तो गल्ल्यावरच. शाळा सुटली की पोरं तिथेच येऊन कोपऱ्यातल्या टेबलावर अभ्यास करायची आणि मोठी झाली की तोच बाप सुट्टीत त्यांना बिलं घ्यायला बसवायचा. पुष्कळ हॉटेलं भागीदारीत असायची, भाऊ, मेव्हणा, गावचा कोणी, त्यामुळे घरातली भांडणं हॉटेलात आणि हॉटेलची घरात. वारल्यावर आठवण काढायला दोन घोळके जमतात, एक घरचा आणि एक गिऱ्हाइकांचा, आणि दोघांना एकमेकांचा माणूस पुरता ओळखीचा नसतो.

याचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण म्हणजे बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानिया अँड कंपनीचे बोमन कोहिनूर. हॉटेल त्यांच्या वडिलांनी १९२३ साली काढलं, तेव्हा बोमन जेमतेम वर्षाचे, म्हणजे हॉटेल आणि माणूस जवळजवळ जुळेच. गेटवे ऑफ इंडियावाले जॉर्ज विटेट यांनी आखलेल्या या भागात आजूबाजूला गोदी आणि बोटकंपन्यांची ऑफिसं, त्यामुळे धंदा दुपारच्या जेवणाचा, संध्याकाळी इथे चिटपाखरू नसतं. दुसऱ्या महायुद्धात हॉटेलची जागा ब्रिटिशांच्या लष्कराने ताब्यात घेतली होती, तरी बोमनना ब्रिटिश राजघराण्याचं जबरदस्त वेड, राणीचा फोटो भिंतीवर आणि राणीकडून आलेलं पत्र लॅमिनेट करून हाताशी, नवीन गिऱ्हाईक आलं की ते दाखवल्याशिवाय सोडायचे नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये प्रिन्स विल्यम आणि केट मुंबईत आले तेव्हा ताजमध्ये त्यांची भेट पण झाली, तेव्हा वय नव्वदीच्या पुढे. या वयातही रोज टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घ्यायचे, उन्हातून आलायत तर आधी लिंबू सोडा घ्या म्हणायचे, आणि ते विचारणं नव्हतंच, हुकूमच होता तो.

आणि ज्या पदार्थावर हॉटेलचं नाव चालतं तो बेरी पुलाव त्यांचा नाहीच, तो त्यांच्या पत्नी बचन यांचा. त्या इराणमध्ये नोकरीला होत्या, तिकडे झरेश्क नावाची आंबट लाल बेरी घातलेला भात खाल्ला, तो इथे आणून आपल्या मसाल्याच्या हाताने बदलला आणि हॉटेलच्या मेनूवर चढवला, बेरी मात्र इराणवरूनच मागवायची. लोकांनी फोटो काढले बोमनचे, जेवले बचनच्या हातचं. इराणी हॉटेलांवर एवढं लिहून झालंय पण बायकांचा हात कुठे कुठे आहे ते फारसं कोणी शोधलेलं नाही, कारण बाई गल्ल्यावर बसलेली दिसत नाही ना. सप्टेंबर २०१९ मध्ये बोमन गेले, ९७ व्या वर्षी.

अशा माणसामागे हॉटेल टिकतं की नाही हे आठवणींवर ठरत नाही, जागेच्या कागदावर ठरतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुनी भाडी गोठली, त्याच्याच जिवावर स्वस्त चहा पाजता आला, पण मग इमारतीची डागडुजी कोण करणार, घरमालकाला भाड्यात रस नाही आणि भाडेकरूला हक्क नाही. कोपऱ्याच्या जागेला बँक किंवा बर्गरवाला जे देतो ते बन मस्का विकून सात जन्मात मिळत नाही, त्यात पोरं शिकून कॅनडा-अमेरिकेला, भागीदार पाच आणि त्यांचे वारस पंचवीस, की सह्या करून मोकळे. धोबीतलावचीच बस्तानी अशी बंद झाली, कयानीच्या जवळच होती, कयानी अजून आहे.

मालक वारला की पेपरात 'शेवटचा इराणी गेला' असा मथळा हमखास येतो, दर दोन-चार वर्षांनी कोणी ना कोणी शेवटचा असतोच. घरचे तोपर्यंत धार्मिक विधीत असतात, शटरवर गुजरातीत नाहीतर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवलेली, रोजचे म्हातारे सकाळी सातला येऊन ती वाचतात, थोडा वेळ तिथेच उभे राहतात आणि मग समोरच्या टपरीवर चहा घेतात. चार-आठ दिवसांनी दार उघडतं, वडिलांच्या फोटोशेजारी आणखी एक फोटो लागलेला असतो, हार ताजा असतो, आणि गल्ल्यावर बसलेल्याला तुमची नेहमीची ऑर्डर माहीत नसते, ती सांगावी लागते.