कारामुक्तांचे रोजगार-प्रशिक्षण : अमेरिकेतील सरकारी निधी

शिक्षा भोगून बाहेर आलेल्या व्यक्तींना काम शिकवण्यासाठी आणि नोकरीला लावण्यासाठी अमेरिकेचे केंद्र सरकार राज्यांना, स्थानिक प्रशासनांना, मूलनिवासी जमातींच्या शासनांना व सेवाभावी संस्थांना अनुदान देते. हे अनुदान प्रामुख्याने दोन खात्यांतून येते. न्याय खात्याच्या अनुदानाला ‘सेकंड चान्स ॲक्ट’ या कायद्याचा आधार आहे, तर कामगार खाते २००५ पासून स्वतःचे वेगळे कार्यक्रम चालवते.

१९९० च्या दशकात वारे नेमके उलटे होते. १९९४ च्या गुन्हेगारीविरोधी कायद्याने कैद्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी मिळणारी ‘पेल ग्रँट’ बंद केली आणि तुरुंगांतले बहुतेक पदवी अभ्यासक्रम गुंडाळले गेले. शिक्षा कडक झाल्या, तुरुंग भरले. पण आत गेलेल्यांपैकी बहुतेक जण कधीतरी बाहेर येणारच होते. जानेवारी २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी काँग्रेस या अमेरिकी संसदेसमोरच्या वार्षिक भाषणात त्या वर्षी सुमारे सहा लाख कैदी सुटणार असल्याचे सांगितले आणि त्यांचे प्रशिक्षण, तात्पुरता निवारा व मार्गदर्शन यांसाठी चार वर्षांत ३० कोटी डॉलरची योजना मांडली. शिकागोचे डेमोक्रॅटिक प्रतिनिधी डॅनी डेव्हिस यांनी पुढे रेटलेल्या विधेयकाला दोन्ही पक्षांतून पाठिंबा मिळाला आणि ९ एप्रिल २००८ रोजी बुश यांच्या सहीने त्याचा ‘सेकंड चान्स ॲक्ट’ हा कायदा झाला. २०१८ च्या ‘फर्स्ट स्टेप ॲक्ट’ या तुरुंग-सुधारणा कायद्याने त्याची मुदत वाढवली. पेल ग्रँटची दारे मात्र कैद्यांसाठी पुन्हा पूर्णपणे उघडायला जुलै २०२३ उजाडावे लागले.

२००८ च्या मूळ कायद्यानुसार पुनर्वसन प्रकल्पांसाठी न्याय खात्याचा निधी मागणाऱ्या राज्याला वा स्थानिक प्रशासनाला पाच वर्षांचा आराखडा द्यावा लागे आणि पुन्हा गुन्ह्याकडे वळणाऱ्यांचे प्रमाण त्या काळात निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात असावे लागे. हे उद्दिष्ट फारच महत्त्वाकांक्षी होते. ३० राज्यांतून २००५ मध्ये सुटलेल्या कैद्यांचा सरकारी सांख्यिकी विभागाने मागोवा घेतला, तेव्हा तीन वर्षांच्या आत दोन तृतीयांशांहून अधिक जणांना पुन्हा अटक झालेली आढळली.

पहिले काही आठवडे सर्वांत कठीण असतात. कॅलिफोर्नियात सुटताना हातावर २०० डॉलर ठेवले जातात. १९७३ मध्ये ठरलेली ही रक्कम पुढे अर्धशतक तशीच राहिली. म्हणूनच न्यूयॉर्कच्या ‘सेंटर फॉर एम्प्लॉयमेंट ऑपॉर्च्युनिटीज’ या संस्थेची पद्धत लक्षवेधी ठरते. ती सुटून आलेल्यांना लगेच सार्वजनिक इमारतींच्या साफसफाईसारख्या कामावर घेते, दिवसाची मजुरी त्याच दिवशी हातात देते आणि सोबत कायम नोकरीचा शोध सुरू ठेवते. तिच्या कामाच्या मूल्यमापनात असे दिसले, की हे तात्पुरते काम संपल्यावर रोजगारातला फायदा विरला, पण पुन्हा तुरुंगात जाण्याचे प्रमाण घटले; नुकतेच सुटलेले असताना आलेल्यांमध्ये ही घट अधिक ठळक होती. उलट, कामगार खात्याच्या निधीवर चाललेल्या २४ प्रकल्पांच्या अभ्यासात रोजगार किंचित वाढला, पण गुन्ह्यांकडे परतण्यात फरक पडला नाही. तुरुंगाच्या आत मिळणाऱ्या शिक्षणाचा हिशेब जास्त आशादायक आहे. सेकंड चान्स ॲक्टच्याच निधीतून रँड या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार शिक्षण घेतलेल्यांची परत तुरुंगात येण्याची जोखीम सुमारे १३ टक्केबिंदूंनी कमी होती आणि शिक्षणावर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे तीन वर्षांत पुन्हा तुरुंगवासावर होणारा चार ते पाच डॉलरचा खर्च वाचत होता.

प्रशिक्षण देऊनही गाडी अडते ती मालकाच्या दारात. समाजशास्त्रज्ञ डिव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात सारख्याच पात्रतेच्या तरुणांना नोकऱ्यांसाठी अर्ज करायला पाठवले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्या अर्जदारांना ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, नोंद सांगणाऱ्या गोऱ्यांना १७ टक्के ठिकाणांहून. नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयांना १४ टक्के आणि नोंद असलेल्यांना अवघे ५ टक्के. म्हणजे निष्कलंक कृष्णवर्णीय तरुणाची पत तुरुंगातून आलेल्या गोऱ्याहूनही कमी ठरली. हा भेदभाव कुठल्याही वेल्डिंगच्या वर्गाने पुसला जाणार नाही, हे या अनुदानांचा विचार करताना ध्यानात घ्यावेच लागते. मालकांची भीती कमी करण्यासाठी सरकारने काही उपाय योजले आहेत. १९६६ पासून ‘फेडरल बाँडिंग’ योजनेत अशा कामगाराकडून चोरी वा अफरातफर झाल्यास मालकाला पहिल्या सहा महिन्यांसाठी मोफत हमी मिळते. १९९६ मध्ये अशा नेमणुकीवर करसवलतही आली. अर्जावरचा गुन्ह्याविषयीचा रकाना काढून टाकण्याचे कायदे अनेक राज्यांनी केले.

परवान्यांचा अडसर याहून चिवट आहे. कॅलिफोर्नियात १९४० च्या दशकापासून कैद्यांच्या तुकड्या वणवे विझवतात. त्यांना रीतसर प्रशिक्षण मिळते; जीव धोक्यात घालून २०२५ पर्यंत मात्र दिवसाकाठी मोजकेच डॉलर मिळत. सुटल्यावर मात्र हेच लोक बहुतेक अग्निशमन दलांत भरती होऊ शकत नसत, कारण तिथे लागणारा आपत्कालीन वैद्यकीय सेवकाचा परवाना जुन्या गुन्ह्यामुळे नाकारला जाई. सरकारी पैशाने शिकवलेले कौशल्य सरकारी नियमानेच वाया घालवणे हा सरळसरळ अन्याय होता. सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या राज्य कायद्याने अशा कैद्यांना नोंद रद्द करून घेण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याची मुभा दिली. खून, अपहरण, लैंगिक अत्याचार अशा गंभीर गुन्ह्यांतील दोषींना मात्र त्यातून वगळले आहे, आणि अर्ज मंजूर करायचा की नाही हे न्यायाधीश ठरवतात.