नाकातले ‘वाढलेले मांस’ आणि जंतू

सांगली-मिरजेकडे नाकातल्या पॉलिपला ‘मांस वाढलंय’ म्हणतात. ते मांस नसते. सायनसचे (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांचे) अस्तर सुजून, पाणी धरून सोललेल्या द्राक्षासारखे लोंबते. सळईने स्पर्श केला तरी दुखत नाही. सुश्रुतसंहितेत नासार्श (नाकातली अशी वाढ) आहे, ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत स्पंजाला दोरा बांधून पॉलिप ओढून काढत.

जंतुशास्त्र आले आणि सायनस म्हणजे पुवाची खोली ठरली. अमेरिकेत कॉल्डवेल (१८९३) आणि फ्रान्समध्ये ल्यूक (१८९७) यांनी वरच्या ओठाखालून हाड उघडून अस्तर खरवडायची रीत मांडली. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या मेसरक्लिंगर यांनी पुढे दुर्बिणीतून दाखवले की, अस्तरावरची सूक्ष्म केसरे शेंबूड नैसर्गिक तोंडाकडेच ढकलतात. दुसरीकडे भोक पाडले तरी वाट तीच. १९८०च्या दशकातली दुर्बिणीची शस्त्रक्रिया इथूनच आली. तरी पॉलिप पुन्हा येतच राहिले.

खरा पेच स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचा. साधारण चौथ्या हिश्शाच्या निरोगी माणसांच्या नाकातही तो असतो, म्हणून स्वॅबमध्ये तो उगवला एवढ्यावर अँटिबायोटिक सुरू करणे आम्हाला पटत नाही. २००१ मध्ये बेल्जियममधल्या गेंटच्या संशोधकांना पॉलिपच्या ऊतीतच या जंतूच्या विषांविरुद्धची आयजीई (ॲलर्जीत दिसणारी) प्रतिद्रव्ये सापडली. ही विषे एकाच वेळी असंख्य टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या पेशींना) चेतवतात; मग इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जमतात आणि सूज टिकते. शिवाय जंतू चिकट थर करून राहतात, त्यात औषध नीट पोचत नाही. मात्र आधी अस्तर फाटते की आधी जंतू बसतो, याचा निकाल लागलेला नाही. २०१०च्या एका चाचणीत २० दिवसांच्या डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने पॉलिप थोडे आक्रसले, इतकेच.

म्हणूनच उपचारांचा पाया स्टेरॉइड स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा आहे. २५० मिली पाण्यात सव्वादोन ग्रॅम मीठ घ्यावे. मीठ कमी पडले तर नाक झोंबते. नळाचे किंवा बोअरचे पाणी थेट वापरू नये. खळखळ १ मिनिट उकळून कोमट करावे. स्प्रे नाकाच्या मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येते, म्हणून नळी बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळवावी. हळदीच्या पेठेतल्या धुळीने चोंदलेले नाक धुळीपासून दूर गेल्यावर मोकळे होते. १२ आठवडे नाक बंद राहिले, वास गेला, तर दुर्बिणीने तपासून घ्यावे. गाठ एकाच बाजूला असेल किंवा रक्त येत असेल, तर मात्र १२ आठवडे थांबू नये. सीटी स्कॅन आणि गरज असल्यास तुकडा तपासणी लगेच करावी.