इंजिनचं काम करायचं की इंजिनच बदलायचं?

स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा या गाड्यांत मारुतीने फियाटच्या रचनेचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन वर्षानुवर्षं दिलं. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ नियम आले आणि मारुतीने डिझेल बंद केलं. त्या गाड्या आता जुन्या होत चालल्या आहेत, म्हणून हा प्रश्न आमच्या गॅरेजमध्ये वारंवार येतो.

निळा धूर येतो, ऑइल कमी होतं, एवढ्यावरून इंजिन गेलं असं धरू नका. टर्बोचं (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) सील गेलं तरी हेच दिसतं, आणि ते काम इंजिन न उघडता होतं. म्हणून आम्ही आधी इंटरकूलरचा (टर्बोकडून येणारी हवा थंड करणारा भाग) पाइप काढतो. आत थोडा ओलसरपणा असतोच, पण ऑइल साचलेलं दिसलं तर टर्बोकडे बघायचं. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढतो. तिथून भकाभक धूर आला तर पिस्टनच्या रिंगांतून गॅस खाली उतरतोय. शेवटी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत बनणारा हवेचा दाब, मोजतो. चारही सारखेच खाली आले असतील तर बहुधा रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. एकच पडला असेल तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं (सिलिंडरवरचा झाकणासारखा भाग) गॅस्केटही असू शकतं. ही तपासणी होईपर्यंत खर्चाचा आकडा कोणी सांगितला तर मानू नका, आम्ही सांगितला तरी.

खरा निर्णय ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या मुख्य भागावर होतो. बोअर झिजला तर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन बसतात, क्रँकला (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) रेघा असतील तर ग्राइंडिंग होतं. चेन, ऑइल पंप त्याच वेळी नवे घालावेत; पुन्हा उघडायची मजुरी वाचते. पण पिस्टनचा रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं असेल, तर इंजिन बदलणंच बरं.

जुनं इंजिन कुर्ल्याच्या बाजारातून आणायचं तर दोन गोष्टी पाहा. हे इंजिन ७५ आणि ९० पीएस (ताकदीचं माप) अशा दोन प्रकारांत येतं आणि त्यांचे टर्बो वेगळे असतात. स्विफ्टमध्ये अर्टिगाचं इंजिन तसंच्या तसं चालत नाही. दुसरं, इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक तोच राहिला तर आरसीला हात लावावा लागत नाही. तो बदलला की मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी, विमा पॉलिसीवरही नवा नंबर हवा. विक्रेत्याची पावती आणि मूळ गाडीची कागदपत्रं मिळत नसतील तर ते इंजिन आम्ही बसवत नाही.

पिकअप वाढवण्यासाठी रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) किंवा मोठा टर्बो हवा असेल तर आधी कॉम्प्रेशन ठीक असायला हवं. झिजलेल्या रिंगांवर जादा दाब टाकला की उरलेलं आयुष्यही झपाट्याने संपतं.

तपासणीला येताना आरसी, विम्याची प्रत आणि शेवटच्या ऑइल बदलाचं बिल आणा. हेड उघडलं की आम्ही फोन करू. येऊन बोअर स्वतः बघा, मगच हो म्हणा.